न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि जकातीचा हिशेब



आपली टेंभुर्णी जाफ्राबाद तालुक्यातली, काळ्या जमिनीची आणि कापसाची. इथून थोडे पुढे गेले की बुलढाणा जिल्हा लागतो. आज ही हद्द ओलांडताना आपल्याला कोणी अडवीत नाही. परंतु आपल्या पणजोबांच्या काळी अलीकडचा मुलूख निजामाचा होता, आणि पलीकडचे वऱ्हाड सन १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. माल हद्दीपार न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. करोडगिरी हा शब्द घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून तुमच्यापैकी काहींनी ऐकलाही असेल.

हा झाला आपल्या हद्दीवरचा नाका. याहून कितीतरी मोठा नाका मुंबईच्या बंदरात होता. तेथे विलायतेहून गलबते भरभरून कापड उतरत असे, आणि त्या कापडावर किती जकात घ्यावी याचा निर्णय अखेर लंडनमध्ये होत असे. त्या निर्णयाविरुद्ध मुंबईच्या जाहीर सभेत उभे राहून बोलणाऱ्यांत एक तरुण मुसलमान बॅरिस्टर होता. त्याचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष, मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ कापडावरच्या जकातीच्या प्रश्नाने झाला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. आज तीच तुमच्यापुढे मांडावयाची आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे खंभातचे, जमात सुलेमानी बोहरा. वडील तय्यबअली भाईमियाँ हे व्यापारी होते. इंग्रजी शिकले की धर्म बुडतो अशी समजूत समाजात घट्ट बसलेली असताना या गृहस्थांनी आपल्या मुलांना शिक्षणासाठी परदेशी धाडले. थोरले कमरुद्दीन विलायतेत शिकून सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन यांनी प्रथम मदरशात उर्दू-फार्सीचे शिक्षण घेतले, नंतर एल्फिन्स्टन संस्थेत प्रवेश घेतला, आणि सन १८६० मध्ये ते इंग्लंडला गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते. डोळ्यांच्या विकाराने त्यांना फार छळले. अभ्यास अर्धवट टाकून १८६४ मध्ये मायदेशी परत यावे लागले. पण ते हिंमत हरले नाहीत. पुढच्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईस परतले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर होत.

आता थोडे थांबून त्या काळचा व्यापार कसा चाले ते पाहू, म्हणजे पुढची हकीकत नीट समजेल.

एक काळ असा होता की हिंदुस्थानचे कापड विलायतेला जाई. तेथील विणकरांनी ओरड केली, तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटने सन १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून आपल्याकडची छिटे तेथे वापरण्यास बंदी घातली. पुढे बंदीची जागा जबर जकातीने घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानच्या काही कापडांवर लंडनमध्ये किमतीच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जकात बसत असे. उलट इंग्लंडचे कापड कंपनी सरकारच्या मुलखात उतरताना अवघी अडीच ते साडेतीन टक्के जकात देत असे. दोघांच्या नाक्यांवरचा हा फरक ध्यानात ठेवा.

जहाजांचेही तेच. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी लाकडाची उत्तम जहाजे बांधली जात. सन १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेले त्रिंकोमाली नावाचे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेले आहे. एवढे टिकाऊ काम आपले कारागीर करीत. पण जहाज कितीही मजबूत असले तरी ते कोणत्या नियमाने चालते यावर त्याचे भाडे अवलंबून असते. इंग्लंडच्या जलवाहतुकीच्या कायद्याप्रमाणे ब्रिटिश जहाजावरचे तीन-चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असणे जरूर होते. सन १८२३ च्या कायद्याने असे ठरविले की हिंदुस्थानचे खलाशी इंग्रजांच्या मुलखात जन्मले असले तरी त्यांना ब्रिटिश खलाशी समजू नये. या खलाशांना इंग्रज लास्कर म्हणत, आणि त्यांत कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावरचे कितीतरी मुसलमान होते. कर घेताना आणि हुकूम देताना ही माणसे बादशहाची प्रजा ठरत, आणि जहाजावरची डोकी मोजताना परकी ठरत! हे जुने कायदे १८४९ मध्ये बहुतांशी रद्द झाले. पण तोवर विलायती जहाजांचा आणि विलायती कापडाचा जम पक्का बसला होता.

सन १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाच्या गिरणीची स्थापना केली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत देशातील गिरण्यांची संख्या पन्नासाच्या वर गेली. आपल्याच कापसाचे सूत आपल्याच देशात निघू लागले. दरम्यान १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी सरकारने आयात मालावरची जकात वाढविली होती. ती पुढे कमी होत होत विलायती कापडावर पाच टक्के आणि सुतावर साडेतीन टक्के अशी राहिली. ही जकात कोणाच्या संरक्षणासाठी नव्हती. राज्याचा खर्च भागविण्यासाठी होती. तरीही मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना ती खुपू लागली. त्यांच्या व्यापारी मंडळाने १८७४ मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. जुलै १८७७ मध्ये पार्लमेंटच्या लोकसभागृहाने ठराव केला की हिंदुस्थानच्या तिजोरीची स्थिती सुधारताच ही जकात उठवावी.

विद्यार्थी मित्रहो, त्या वेळी तिजोरीची आणि रयतेची स्थिती कशी होती? सन १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाख्याचा दख्खन भाग आणि निजामाचा मुलूख, सर्वत्र लाखो माणसे अन्नावाचून मेली. दुष्काळाचा खर्च भागविण्यासाठी १८७८ मध्ये लहान-मोठ्या व्यापाऱ्यांवर लायसन्स टॅक्स बसला. त्यातच अफगाणिस्तानची लढाई सुरू झाली. असा पैशाचा तुटवडा असताना मार्च १८७९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी विलायती सुती कापडाच्या एका मोठ्या वर्गावरची जकात माफ करून टाकली. त्यांच्या स्वतःच्या कौन्सिलातील बहुमत या गोष्टीला विरुद्ध होते. व्हाइसरॉयने आपला विशेष अधिकार वापरून ते मत बाजूला सारले.

आता हा वर्ग कोणता, ते नीट पाहा. कारण सारी मेख तेथेच आहे. हुकूम असा होता की तीस नंबरपेक्षा बारीक सूत ज्या कापडात नाही, ते कापड जकातीतून मोकळे. तीस नंबर म्हणजे काय? ८४० वारांची एक लड धरतात. एका रत्तल सुतात अशा जितक्या लडी भरतील तितका त्या सुताचा नंबर. तीस नंबरच्या एका रत्तल सुताची लांबी ३० गुणिले ८४०, म्हणजे २५,२०० वार. वीस नंबरच्या सुताची लांबी १६,८०० वार. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. आपल्या दख्खनच्या आणि वऱ्हाडच्या त्या काळच्या कापसाचा धागा आखूड होता. त्यातून बारीक सूत निघत नसे. म्हणून मुंबईच्या गिरण्या बहुतेक सारे जाडे सूत आणि जाडे कापड काढीत. बारीक कापडात मँचेस्टरशी त्यांची स्पर्धाच नव्हती. स्पर्धा होती ती जाड्याभरड्यात, आणि नेमकी तेथेच जकात माफ झाली.

वरवर वाचले तर तीस हा साधा आकडा वाटतो. त्यात कोणाचे नाव नाही, कोणावर अन्यायाचा शब्द नाही. पण ज्याला सुताचा नंबर ठाऊक आहे आणि कायद्याची भाषा वाचता येते, त्याला तो आकडा कोणासाठी निवडला आहे हे तत्काळ कळते.

मुंबईत १८७९ मध्ये या हुकुमाविरुद्ध सार्वजनिक चळवळ झाली. जाहीर सभेत बद्रुद्दीन तय्यबजी बोलले. त्यांचे हे पहिले मोठे सार्वजनिक भाषण होय. तेव्हा ते पस्तिशीच्या आत होते. कोर्टात त्यांचे नाव झालेले होते. पण राजकीय सभेत उभे राहण्याची ही त्यांची पहिलीच खेप. त्या दिवसापासून मुंबईच्या सार्वजनिक कार्यकर्त्यांत त्यांची गणना होऊ लागली.

मुंबईकरांचे म्हणणे समजण्यास अवघड नव्हते. मँचेस्टरवाले खुल्या व्यापाराचे तत्त्व सांगत. जकात उठली की गरिबाला कापड स्वस्त मिळेल, असा त्यांचा दावा होता. तो अगदीच पोकळ होता असे म्हणता येणार नाही. शंभर रुपयांच्या मालावर पाच रुपये कमी झाले तर थोडा लाभ गिऱ्हाइकालाही होऊ शकतो. पण सरकारला मिळणारे ते पाच रुपये गेले कुठे? ती तूट दुसरीकडून भरून काढावी लागणार. दुष्काळातून नुकत्याच उठलेल्या रयतेवर कर तसेच ठेवायचे आणि विलायतेच्या धनाढ्य गिरणीवाल्यांना सूट द्यायची, हा कोणत्या तत्त्वाचा हिशेब? शिवाय इंग्लंडने स्वतःचा धंदा वाढविताना आपल्या कापडावर ऐंशी टक्क्यांपर्यंत जकात लावली होती. धंदा भक्कम झाल्यावर मग त्यांना खुल्या व्यापाराची आठवण झाली. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की ज्यांच्या तिजोरीचा प्रश्न होता त्या हिंदुस्थानच्या लोकांना या बाबतीत एकही मत नव्हते, तर लँकेशायरच्या मतदारांचे प्रतिनिधी पार्लमेंटात बसले होते.

मराठीतला जकात हा शब्द अरबीतल्या जकातवरूनच आला आहे, हे तुम्हांला ठाऊक असेल. आपल्या धर्मात जकात म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याने गरजवंतासाठी काढलेला वाटा. मुंबई बंदरातल्या या जकातमाफीत वाटा नेमका उलट दिशेने चालला होता.

भाषणे झाली, अर्ज गेले. पण हुकूम फिरला नाही. उलट १८८२ मध्ये मीठ, दारू यांसारख्या थोड्या वस्तू सोडून जवळजवळ साऱ्याच आयात मालावरची जकात उठविण्यात आली. मग बद्रुद्दीन यांच्या त्या भाषणाचा उपयोग काय झाला, असे तुम्ही विचाराल. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या दुसऱ्या कामात आहे.

सन १८७४ मध्ये बद्रुद्दीन, त्यांचे बंधू कमरुद्दीन, कोकणी मुसलमानांतील प्रतिष्ठित गृहस्थ नाखुदा महंमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम महंमद या मंडळींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली होती. नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान. दर्यावर्दी व्यापाराशी ज्यांचे नाव जोडलेले, ते रोगे शाळेच्या कामात बॅरिस्टरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सन १८८० मध्ये अंजुमनने आपली शाळा सुरू केली. जकातीच्या सभेनंतरचे हे दुसरेच वर्ष! उर्दू-फार्सीबरोबर इंग्रजी आणि गणित शिकविणारी शाळा मुसलमान मुलांसाठी काढणे तेव्हा सोपे नव्हते. पैसा गोळा करावा लागे, आणि त्याहून कठीण म्हणजे पालकांची मने वळवावी लागत. हे काम बद्रुद्दीन यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. प्रथम चिटणीस आणि पुढे अध्यक्ष म्हणून ते अंजुमनशी निगडित राहिले. १८९३ मध्ये अंजुमनच्या शाळेची भव्य इमारत उभी राहिली. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर ती जरूर पाहा.

दोन्ही कामे वेगळी दिसतात, पण ती करणारा माणूस एकच होता. मुंबईतल्या त्या सभेत जकातीवर बोलू शकणारे मुसलमान किती होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कापूस पिकविणारे, पिंजणारे, विणणारे, जहाजावर वाहून नेणारे मुसलमान हजारोंनी होते. ज्या नियमांनी त्यांची रोजी ठरत होती तो नियम वाचणारे मात्र जवळजवळ कोणी नव्हते. ही उणीव भरून काढण्यास शाळेवाचून दुसरा मार्ग नव्हता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८८२ मध्ये मुंबई सरकारने त्यांना कायदे कौन्सिलावर नेमले. १८८५ च्या आरंभी फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना केली. एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान, असे हे त्रिकूट मुंबईत फार गाजले. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांनी भूषविले. मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असे सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्या मोठ्या पुरुषाचे मत होते. बद्रुद्दीन यांनी त्यांचा मान राखला, पत्रांतून शांतपणे वाद केला. पण कर, नोकऱ्या, कायदे हे प्रश्न सर्व जातिधर्मांच्या लोकांना सारखेच लागू असतात, तेव्हा त्यांचा विचारही एकत्र बसूनच करावा लागेल, हे आपले मत सोडले नाही. जकातीच्या लढ्यात त्यांनी हेच पाहिले होते. तीस नंबरचा नियम हिंदूची गिरणी आणि मुसलमानाचा माग असा भेद करीत नव्हता.

१८९५ मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता, तेव्हा न्यायमूर्ती तय्यबजींनी तो मंजूर केला. टिळकांची आणि त्यांची राजकीय मते जुळत नव्हती. पण कायद्याच्या दृष्टीने जे योग्य वाटले ते त्यांनी केले. १९०२ मध्ये त्यांनी काही काळ हंगामी सरन्यायाधीश म्हणूनही काम पाहिले.

इकडे जकातीचा प्रश्न पुन्हा डोके वर काढीतच होता. १८९४ मध्ये तिजोरीत खडखडाट झाल्यामुळे सरकारने आयात मालावर पाच टक्के जकात पुन्हा बसविली. प्रथम कापूसमाल वगळला. वर्षाच्या अखेरीस तोही घेतला. पण मँचेस्टरचे समाधान व्हावे म्हणून त्याचबरोबर देशी गिरण्यांच्या वीस नंबरवरील सुतावर पाच टक्के अबकारी कर लादला. त्या वर्षीच्या काँग्रेसने याचा निषेध केला. १८९६ मध्ये नियम पुन्हा बदलला. विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आणली, सूत मोकळे केले, आणि हिंदुस्थानच्या गिरण्यांत विणलेल्या सगळ्या कापडावर तितकाच साडेतीन टक्के कर बसविला. परक्या मालावर जकात घेतली म्हणून स्वतःच्या मालावरही तेवढाच कर घेणारे हे सरकार! बद्रुद्दीन तेव्हा न्यायासनावर होते, त्यामुळे सभांत बोलण्याची त्यांना मोकळीक नव्हती. हातमागाच्या कापडावर हा कर नव्हता आणि सूत मोकळे झाल्याने विणकरांना थोडा दिलासा मिळाला, हेही सांगितले पाहिजे. परंतु नियमामागचा हेतू काही विणकरांच्या भल्याचा नव्हता.

न्यायमूर्ती असतानाही शिक्षणाच्या कामात मात्र त्यांनी खंड पडू दिला नाही. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे ते अध्यक्ष होते. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी आग्रह धरला, आणि तो आपल्या घरापासून पाळला. १९०४ मध्ये आपल्या दोन मुलींना त्यांनी शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आठवी-नववीनंतर मुलीची शाळा बंद करण्याचा विचार ज्यांच्या मनात येत असेल त्या पालकांनी ती अवश्य आठवावी.

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडन येथे रजेवर असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ज्या कराविरुद्ध देशाने इतकी वर्षे आवाज उठविला तो अबकारी कर डिसेंबर १९२५ मध्ये स्थगित झाला आणि १९२६ मध्ये रद्द झाला. बद्रुद्दीन यांच्या मुंबईतल्या भाषणाला तेव्हा सेहेचाळीस वर्षे झाली होती. पुढे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर मिठाच्या सत्याग्रहाची धुरा उचलणारे शहात्तर वर्षांचे अब्बास तय्यबजी हे त्यांचेच पुतणे. तोही प्रश्न कराचाच होता.

पालकहो, करोडगिरीचे नाके निजामाच्या राज्याबरोबर इतिहासजमा झाले. पण आपण जो कापूस पिकवितो त्याच्या भावाचा संबंध आजही दूरच्या नियमांशी आहे. परदेशी कापसावर किती शुल्क घ्यायचे, ते केव्हा माफ करायचे, कोणत्या लांबीच्या धाग्याला सूट द्यायची, हे सारे कुठेतरी कागदावर ठरते आणि त्याचा परिणाम जालन्याच्या बाजारात आपल्या गाडीपर्यंत येतो. तो कागद आपल्या घरात कोणाला वाचता येतो?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्ही सारे बॅरिस्टर व्हाल असे नाही, आणि तशी गरजही नाही. पण टक्केवारीचे गणित सोडवताना कंटाळा आला तर तीस नंबरच्या सुताची गोष्ट आठवा. डोळे अधू असताना, अर्धवट शिक्षण टाकून घरी आलेला एक मुलगा पुन्हा बोटीत बसला, शिकून आला, आणि ज्या आकड्याचा अर्थ हजारोंना कळत नव्हता तो त्याने भर सभेत उलगडून सांगितला. हुकूम त्याला फिरविता आला नाही, म्हणून त्याने पुढच्या पिढीसाठी शाळा काढली. आपल्या गावच्या शाळेतले तुमचे बाक त्याच वाटेवरचे आहेत. ते रिकामे ठेवू नका.